शरयूने मोडलेला नियम

शरयू, भांडण अर्ध्यावर टाकून जाण्याची तुझी पद्धत नव्हती. जेवता जेवता ताटावरून उठशील, पण वादातून नाही. म्हणून त्या संध्याकाळी "उद्या बोलू, वहिनी" असं म्हणून तू दार लावून घेतलंस तेव्हा मी खरंच धरून चालले, की उद्या बोलायचं आहे. झोपण्यापूर्वी माझे मुद्देही मनात ओळीने लावून ठेवले. सकाळी तुझ्या दारातली दुधाची पिशवी तशीच होती.

आता तू नाहीस आणि मुद्दे माझ्यापाशी पडून आहेत. ते तुझ्यापुढेच मांडते. हे मेलबर्नला माझी नातवंडं, ईशान आणि रेवा, वाचतील. त्यांच्या दृष्टीने तू म्हणजे फोनच्या पडद्यावरची आत्याआजी, बाबाची आत्या, जी कधीच कॅमेऱ्यात नीट दिसली नाही, नुसतं कपाळ आणि छताचा पंखा. त्यांना कळावं म्हणून क्रमाने लिहिते आहे. तुला क्रमाचा कंटाळा. या वेळी सहन कर.

माझं लग्न झालं तेव्हा तू मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. इंग्रजी शिकवणारी सून घरात येणार म्हणून सासूबाई धास्तावल्या होत्या. तू त्यांना म्हणालीस, "आई, घाबरू नकोस. ती चुका काढेल, पण माझ्या. तुझ्या काढायची तिची हिंमत नाही." तेव्हापासून जन्मभर तू मला 'वहिनी, तुम्ही' म्हणत आलीस. 'तू'वर यायचीस ते फक्त भांडताना, आणि मला ते मनातून आवडायचं. तुझे दादा गेले त्यानंतर रोज संध्याकाळी तू समोरच्या फ्लॅटमधून यायचीस. "वहिनी, माझा गॅस संपलाय." वर्षभर तुझा गॅस संपलेलाच होता. एकदाही मी तुला विचारलं नाही आणि एकदाही मला एकटीला जेवावं लागलं नाही. याबद्दल आभार मानायचे राहून गेले. मानले असते तर तू म्हणाली असतीस, "आमटीत मीठ कमी आहे."

हॉस्पिटलमधून निवृत्त झाल्यावर तू आमच्या कॉलेजच्या आरोग्य कक्षात बसायला लागलीस. मी जिथे इंग्रजी शिकवलं तेच कॉलेज. तुझी अपेक्षा होती की सर्दी-पडसं घेऊन मुलं येतील. आली ती धाप लागलेली मुलं. घरापासून लांब आलेली, कुणी धायरीला नव्या इमारतींच्या धुळीत राहणारी, कुणी बिबवेवाडीत भिंतीला ओल आलेल्या खोलीत, आणि सगळ्यांच्या मानेवर परीक्षा. तू मला म्हणायचीस, "यांची छाती आवळते ती धुळीने की धाकाने, हे वेगळं काढता येत नाही. आणि आपण बसलोय वेगवेगळ्या खोल्यांत."

मग प्रणाली आली. वाशीमकडची, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, बारीक चणीची, लहानपणापासून दमा. त्या दिवशी मी तुला घ्यायला आले होते म्हणून तुमचं बोलणं माझ्या कानांवर पडलं.

"काय काय उपाय करतेस?" तू विचारलंस.

"मॅडम, योगाचे सर म्हणाले, श्वास रोखून धरायची प्रॅक्टिस कर. काउन्सेलर मॅम म्हणाल्या, श्वासाकडे लक्षच देऊ नकोस. खोलीच्या मालकीणकाकूंनी दही, केळं, भात सगळं बंद करायला सांगितलं. रूममेट कापूर जाळते."

"आणि तू यातलं काय करतेस?"

"सगळंच."

"म्हणजे रोखूनही धरतेस आणि लक्षही देत नाहीस? मोठी कला आहे गं!"

ती हसली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. घरी येताना रिक्षात तू म्हणालीस, "वहिनी, ही पोरगी दम्याने कमी आणि सल्ल्याने जास्त आजारी आहे."

गुरुवारचं टेबल सुरू झालं ते तिथून. वाचनालयाशेजारची लहान खोली, एक लांब टेबल, खारी आणि चहा. तू, समुपदेशक मंजिरी, योगाचे फाटक सर, आणि वेळ पाळायला मी. ज्याच्याबद्दल बोलायचं तो विद्यार्थी समोर बसलेला. त्याच्या पाठीमागे त्याच्याविषयी कुणी बोलायचं नाही, हे तू पहिल्याच दिवशी बजावलंस. सुरुवात त्यानेच करायची, मग कितीही वेळ लागो. आणि तुझा मुख्य नियम असा की यातल्या एकाला जे कळेल ते सगळ्यांना कळलं पाहिजे. एकाने बांधायचं आणि दुसऱ्याने सोडायचं, असं होता कामा नये.

फाटक सरांशी तुझी पहिली चकमक मला अजून तोंडपाठ आहे.

"डॉक्टर, कुंभक ही फार जुनी विद्या आहे."

"असेल ना. विद्या तुमची, फुप्फुसं तिची. तिला सावकाश श्वास सोडायला शिकवा, सर. रोखायचं कसं ते तिला न शिकवता येतंय."

सर महिनाभर घुश्श्यात होते. नंतर टेबलावर सगळ्यांच्या आधी येऊन बसायला लागले. मंजिरीच्या लक्षात आलं की प्रणालीची धाप तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाढते. तिने ते टेबलावर सांगितलं, तू औषध त्याप्रमाणे पाहिलंस, सरांनी त्या आठवड्यात कठीण काही घेतलं नाही. दही, केळं, भात ताटात परत आले. दम्याच्या दोन पंपांतला फरक तू तिला इतक्या वेळा सांगितलास, की मलाही झोपेतून उठवून विचारलं तर सांगता येईल. एक धाप लागल्यावर घ्यायचा. दुसरा रोजचा, बरं वाटत असलं तरी घ्यायचा, कारण सूज आत असते आणि बाहेरून दिसत नाही. दुसऱ्या वर्षी प्रणाली वर्गात बाकावर पंप उघड ठेवायला लागली. तिला पाहून आणखी दोघींनी ठेवले. हे श्रेय तुझं आहे, शरू. मी वाद घालते म्हणून हे विसरलेय असं समजू नकोस.

माझा वाद दुसऱ्याच गोष्टीवर होता.

प्रणाली हळूहळू टेबलावर "फाईन" म्हणायला लागली. "मी टोटली फाईन आहे, आजी," ती मला सांगायची. आम्ही सगळे तिच्याकडे इतक्या काळजीने बघायचो, की बरं असणं हेच तिचं काम होऊन बसलं. फाटक सरांना सांगावं तर मंजिरीला कळणार, मंजिरीला सांगावं तर तुला. मी तुला म्हटलं, "सगळं सगळ्यांना कळायला हवं, हे मला पटत नाही. एखादं दार बंद असू दे तिचं."

"वहिनी, तुम्ही आयुष्यभर कादंबऱ्या शिकवल्यात. कादंबरीत रहस्य चालतं. दम्यात ठेवलं तर माणूस दगावतं."

"आणि सगळंच उघडं केलं तर माणूस गप्प बसतं."

"तुम्हाला सगळीकडे पात्रं दिसतात," तू म्हणालीस आणि माझ्या कपातला चहा पिऊन टाकलास.

यंदा दिवाळीची सुट्टी संपवून प्रणाली परत आली आणि थोड्याच दिवसांत कार्यशाळेत कोसळली. तूच तिला दवाखान्यात नेलंस, तिच्या उशाशी बसलीस. ती सावरली. पण गावाहून तिच्या वडिलांचा फोन आला: पुण्याची हवा पोरीला मानवत नाही, सत्र संपलं की घरी घेऊन जातो. शेवटचं वर्ष. इतकं करून ती पदवीविना परत जाणार. टेबलावर सगळे हवालदिल. सर म्हणाले, श्वासाचा रोजचा अभ्यास वाढवू. मंजिरी म्हणाली, आठवड्यातून दोनदा भेटू. तू फक्त एवढंच म्हणालीस, "गावाहून आल्यावर काही दिवस तिच्यावर नवीन काही लादायचं नाही. प्रत्येक सुट्टीनंतर. एवढं लक्षात ठेवा."

"का?" मी विचारलं.

"कारण आहे."

"मग सांग. तुझाच नियम आहे."

"आहे. पुढचं बोला."

प्रणाली खाली मान घालून खारीचा चुरा करत होती. त्या दिवसापासून तुझं माझं जुंपलं. इतरांना तू सगळं उघडायला लावतेस आणि स्वतः मात्र लपवतेस, असं मी म्हटलं. त्या शेवटच्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात तू 'तू'वर आलीस. "तुला का सगळं माहीत असायला हवं गं? तूच ना म्हणायचीस, दार बंद असू दे?" मी म्हटलं, "मी ते तिच्या दाराबद्दल म्हणत होते. तुझ्या नाही." तू क्षणभर माझ्याकडे बघितलंस. काहीतरी बोलणार होतीस. मग म्हणालीस, उद्या बोलू.

रेवाने फोनवर विचारलं, "आत्याआजी सीक होती का?" नव्हती. निदान आम्हाला कळेल इतकी नव्हती. इतरांची छाती इतकी वर्षं ऐकणारी तू, स्वतःची कुणाला ऐकू दिली नाहीस. मागे रेवाच्या परीक्षेच्या वेळी ती पडद्यावर रडत होती, आम्ही सगळे तिला धीर देत होतो आणि तू छताच्या पंख्यामागून विचारलंस, "जेवलीस का आज?" ती जेवली नव्हती. "मग आधी जेव. उपाशीपोटी रडायला जास्त येतं." ती पोर त्या दिवशी फोनसमोर बसून जेवली आणि तू फोन धरून बसून राहिलीस. ईशान, रेवा, तुमची आत्याआजी डॉक्टर होती म्हणजे काय होती, ते यावरून ओळखा.

दिवस वगैरे काही करायचे नाहीत, असं तू सांगून ठेवलं होतंस. आम्ही नाही केले. तरी लोक येत राहिले. एका दुपारी प्रणाली एकटीच आली. पाणी प्यायली, तुझ्या फोटोकडे बघणं टाळलं आणि म्हणाली, "आजी, मॅडमनी तुम्हाला सांगितलंच असेल ना?"

"काय गं?"

"नाही सांगितलं? खरंच?" आणि तिला रडू फुटलं.

मग तिने सांगितलं. दर सुट्टीला ती रोजचा पंप रूममेटच्या कपाटात ठेवून गावी जाते. पंपाची सवय लागते आणि मग जन्मभर सुटत नाही, असं तिचे बाबा समजतात. शिवाय या दिवाळीत तिला बघायला पाहुणे आले होते. दम्याची मुलगी कोण करून घेणार? म्हणून घरी पंप नाही, खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. पहिले काही दिवस निभावतं. सूज आत वाढत जाते, आणि ती इथे येऊन पडते. दवाखान्यात तिने तुला हे सांगितलं आणि कुणाला सांगू नका म्हणून हात धरला. तू तिला म्हणालीस, "मी माझा एक नियम आज मोडतेय. तू सांगेपर्यंत मी गप्प. पण सांगावं लागेल, बाळा. मी किती दिवस राखण करू?"

"आजी, तुम्ही गुरुवारी सांगाल?" तिने विचारलं.

"नाही. ते तुझं आहे."

ती गेल्यावर मी तिचं पाण्याचं भांडं विसळून ठेवलं. म्हणजे भांडण मी जिंकले होते. माझं म्हणणं तू मान्य केलं होतंस, आणि मान्य केलंस हे मला सांगणं म्हणजे त्या मुलीला दिलेला शब्द मोडणं, म्हणून माझी बोलणी खात बसलीस. शरू, त्या दिवशी मी जे जे बोलले ते तू ऐकून घेतलंस, पण तिच्याबद्दल एक शब्द काढला नाहीस. जिंकल्यावर इतकं एकटं वाटत असेल अशी मला कल्पना नव्हती. आणि खरं सांगू का, जिंकले असंही पूर्ण वाटेना. बंद दाराआड ती मुलगी होती, आणि त्या दाराआड तिला श्वास घेता येत नव्हता. तूही बरोबरच होतीस. आता दोन्ही बाजू मलाच लढवाव्या लागत होत्या.

गेल्या गुरुवारी तिचे वडील आले. वाशीमकडे त्यांचं कापडाचं दुकान आहे. पांढरा सदरा, थकलेला चेहरा, हातात संत्र्यांची पिशवी. ती टेबलावर ठेवून म्हणाले, "डॉक्टर बाईंसाठी आणली होती. इथं आल्यावर कळलं मले." मग पिशवीचं काय करावं ते त्यांना कळेना. मंजिरीने ती हळूच बाजूला घेतली.

तुझी खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कुणी बसलं नाही.

"मी कोणाले नाव नाई ठेवत," ते म्हणाले. "तुमी लोकं लई करता पोरीसाठी. पण पहा मॅडम, घरी येते थे चांगली राहते. हासते, खेळते. अन् इथं आली का पडते. दर वख्ताले. आता मी काय समजू? हवाच नाई मानवत. मी तिले घेऊनच जातो."

त्यांच्या बाजूने बघितलं तर हिशेब अगदी बरोबर होता. मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं होतं. एका वाक्यात मी त्या मुलीचं वर्ष वाचवू शकले असते, आणि त्याच वाक्यात तिला दिलेला शब्द मोडला असता. मी टेबलाची कड धरून बसले. तू हे कसं सोसलंस? तेही मी समोर बसून तुला टोचत असताना?

प्रणालीने बॅग उघडली. रोजचा पंप काढला, त्याला ती प्लॅस्टिकची नळी जोडली, पंप हलवला, श्वास सोडला, नळी तोंडात धरून पंप दाबला, सावकाश आत घेतला आणि थांबली. मग पुन्हा एकदा. नंतर ती उठून कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली, तू शिकवल्याप्रमाणे खळखळून चूळ भरली आणि परत येऊन बसली.

"थे काय होय?" वडिलांनी विचारलं.

"पंप आहे, बाबा. रोजचा."

"रोजचा? घरी तं कधी पाह्यला नाई."

"घरी नाई घेत मी."

"काऊन?"

"तुमच्यापायी."

इथे पुण्यात आमच्याशी ती जे मराठी-इंग्रजी बोलते ते सगळं गळून पडलं होतं. "घरी बिनपंपाची राहते मी. उशीत तोंड घालून खोकते. तुमाले ऐकू नाई येत. मंग इथं येऊन पडते. हवेनं काई नाई केलं, बाबा. हवा बिचारी तशीच आहे."

ते हळू आवाजात म्हणाले, "अन् पाहुण्यायले काय सांगू मी?"

"सांगा का पोरगी श्वास घेते म्हणून."

फाटक सरांना हसू आवरेना, त्यांनी खोकल्याचं सोंग केलं. वडील हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "डॉक्टर बाईले माहीत होतं?"

"हो."

"त्यायचा तं मले दोनदा फोन आला. तब्येतीचं सांगितलं, हे नाई सांगितलं."

"मीच नका सांगू म्हणलं होतं."

"हं," ते म्हणाले. "शबूद पाळला बाईनं." आणि पहिल्यांदा त्यांनी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

ईशान, रेवा, तुम्हाला वाटेल की मग त्यांनी मुलीला जवळ घेतलं असेल. तसं काही झालं नाही. लग्नाचं ते काय करतील ते मला माहीत नाही, तिलाही नाही. ते फक्त म्हणाले, "वर्ष तं पुरं होऊ दे," आणि मंजिरीने डोळे मिटून घेतले. मग कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, "हे कसं घेतात थे दाखवा मले. उन्हाळ्यात ही घरी येईन तवा चुकली तं सांगाव कोणी?"

तुझ्या कपाटात शिकवायला ठेवलेला औषधाविना नुसता पंप होता, तो मंजिरीने काढला. पुसून त्यांच्या हातात दिला. त्या मोठ्या हातांत तो खेळण्यासारखा दिसत होता. त्यांनी नळी तोंडात धरली आणि एकदम जोराने ओढायला लागले.

"असं नाई, बाबा." प्रणालीने त्यांचा हात खाली केला. "आधी सोडा. आत आहे तेवढा सगळा सोडा. मंग घ्या."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नळी पुन्हा तोंडाजवळ नेली, खांदे खाली टाकले, आणि सोडला. केवढा वेळ लागला त्यांना, शरू. ती शेजारी उभी राहून मान हलवत होती, "अजून. अजून आहे, बाबा."